हनन्याची दोन वर्षं, यिर्मयाची सत्तर

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

काल फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, त्या भाऊंनी वचन वाचून पैसे गुंतवायची योजना सांगितली, मग शंका कशाला?" ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसलो.

पन्नास हजार भरा, वर्षात दुप्पट होतील, अशी ती योजना, आणि आधार बायबलमधल्या यिर्मया २९:११ चा: देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत. हे वचन तुला संडे स्कूलपासून पाठ आहे, आणि ते खरंच आहे. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात पाठवलेलं ते पत्र. त्यात आधी काय सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात मुदत: सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परत जाणं नव्हतंच. वर्षात दुप्पट करणाऱ्या योजनेला हे वचन कसं जोडायचं, मला तरी समजत नाही. उलट आठव्या-नवव्या वचनात स्पष्ट ताकीद आहे की देवाचं नाव घेऊन खोटं सांगणाऱ्यांना भुलू नका.

आता मागचा, अठ्ठाविसावा अध्याय उघड. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर उभा राहून "सेनाधीश परमेश्वर असे म्हणतो" अशीच सुरुवात करतो. यिर्मयाचेच शब्द, तोच आवेश. फक्त धरून नेलेले लोक परत येण्याची मुदत दोन वर्षांची! लोकांना हवं तेच तो बोलला. यिर्मया काय म्हणाला माहीत आहे? "आमेन, परमेश्वर तसे करो." त्यालाही तसं व्हायला हवं होतं, आणि हे मला फार आवडतं. पण पुढे त्याने पूर्वीच्या संदेष्ट्यांचं बोलणं आठवून दिलं: शांतीचं भाकीत करणारा, ते खरं ठरल्यावरच देवाने पाठवलेला ठरतो. मग हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून घातलेलं जू काढून मोडलं, तेव्हा तो वाद न घालता तिथून निघून गेला. उत्तर त्याला नंतर मिळालं. तूही सभेत कुणी घेरलं तर "विचार करून सांगते" म्हण आणि ऊठ. त्यात विश्वास कमी पडत नाही.

सैतानालाही वचन पाठ असतं, बाळा. मत्तय ४ मध्ये तो प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो: देवदूत तुला झेलतील. पण स्तोत्रातले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द तो गाळतो आणि सिंह-नाग तुडवण्याच्या वचनाआधीच थांबतो. प्रभू त्यावर अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकातलं ६:१६ सांगतो: देवाची परीक्षा पाहू नको. ते वचन मस्साची आठवण देतं. रानात पाणी नव्हतं तेव्हा "परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही" असं लोकांनी विचारलं होतं, ती जागा. प्रभूने दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली आहेत. चाळीस वर्षं रानात काढलेल्या लोकांना सांगितलेलं, चाळीस दिवस रानात उपाशी राहिलेल्याच्या ओठांवर आलं. त्याला ते सुटं नव्हे, सबंध माहीत होतं.

तू कर्ज काढून पैसे भरणार आहेस, आणि "देव बघून घेईल" म्हणतेस. मला ती शिरोभागावरून उडीच वाटते. पैशाची ओढ वाटते म्हणून तुला दोष देत नाही. भाडं, हप्ते, घरी पाठवायची रक्कम, सगळं मला दिसतं. इब्री लोकांस पत्रात (५:१४) म्हटलंय की बरंवाईट ओळखण्याची शक्ती सरावाने येते. तो सराव अशाच वेळी होतो.

आज रात्री यिर्मया २७ ते २९ सलग वाच, मोठ्याने. मग त्या भाऊंना विचार: पैसा नक्की कुठे गुंतवणार, कंपनीची नोंदणी कुठली, करार लेखी मिळेल का, आणि आणखी माणसं आणल्याशिवाय परतावा मिळतो का? उत्तराऐवजी पुन्हा वचनच ऐकवलं, तर पैसे देऊ नकोस. शनिवारी फोन कर, हप्त्यांचं आपण दोघं मिळून बघू. आईलाही सांगितलंय.

तुझा,
पप्पा