क्रेटचा दोष नव्हता, आबा

मिरज

तीर्थरूप आई-आबांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत आबांनी चिनूच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर हा विषय काढला की आबा "बरं बरं, तिकडं पाऊस आहे का?" म्हणून मोकळे होतात. कागदाला तसं करता येणार नाही.

दप्तर घेताना आबा म्हणाले, "तुझ्या आईचं वझ्यानंच वाटोळं झालं." एक तर माझं वाटोळं झालेलं नाही. आणि माझा मणका एका बाजूला वळला, पाठीला बाक आला, तो वझ्यानं आलेला नाही. सातवीत काढणीच्या वेळी दोन-चार रविवार मी द्राक्षांची क्रेट बांधावर नेली, एवढंच धरून तुम्ही इतकी वर्षं बसला आहात, हे मला दिवाळीतच कळलं. वयात येताना असा बाक येतो त्याचं नेमकं कारण अजून कुणालाच सापडलेलं नाही. घराण्यात चालतो, एवढं दिसतं. दप्तर, क्रेट, वाकून बसणं, कुशीवर झोपणं यांनी तो येत नाही. जड दप्तरानं पाठ दुखते, तेव्हा चिनूचं दप्तर हलकं करायला माझी ना नाही. पण त्यानं मणका वळत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला जतकडची तेरा वर्षांची एक मुलगी आली होती. तिलाही असाच बाक. 27 डिग्री. पोरगी मला हळूच विचारते, "मॅडम, म्हणजे मी सत्तावीस टक्के वाकडी का?" तिनं खो-खो सोडला होता, उडी मारली तर कणा मोडेल म्हणून. रात्री भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहायची, म्हणजे सकाळपर्यंत सरळ होईल! मी तिला एक्स-रेवर रेघा मारून दाखवल्या. बाकाच्या वरच्या टोकाचा सगळ्यात कललेला मणका आणि खालच्या टोकाचा तसाच, या दोघांमधला जो कोन, ती डिग्री. या बाकाला डॉक्टरी भाषेत स्कोलिओसिस म्हणतात, पण 10 डिग्रीच्या आत असेल तर तसं म्हणतच नाहीत. आणि मणके नुसते बाजूला जात नाहीत, स्वतःभोवती पिळतातही. म्हणून बरगड्या एका अंगाला वर येतात. ताठ उभं राहून तो पीळ कसा निघणार? खो-खो मात्र खेळ म्हटलं, खुशाल खेळ.

तिला डॉक्टरांनी पाठीला घालायचा पट्टा, म्हणजे ब्रेस, दिलाय. तो ती फक्त शाळेत घालायची आणि घरी आली की काढून ठेवायची. तिच्या मते पट्टा लोकांना दाखवायला होता. 2013 साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास आला. पट्टा घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत 50 डिग्रीला पोचला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये 48 टक्के मुलांचा. जी दिवसाला तेरा तास किंवा जास्त घालायची, त्यांच्यात हा आकडा नव्वदच्या वर गेला. पट्ट्याशिवायही जवळपास निम्मी मुलं निभावतात, हेही त्यातच आलं. आई-बापांना मी हे मुद्दाम सांगते, नाहीतर ती पोराला रात्रंदिवस बोलत बसतात.

पट्टा बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही. तोही उंची वाढत असते तेव्हाच. आबा, हे तुम्हाला मी काय सांगू? नव्या बागेत वेल कोवळी असते तेव्हाच तुम्ही तिला बांबूला सुतळीनं बांधता. खोड जून झाल्यावर बांधून काय उपयोग, हे तुमचंच वाक्य. आमच्याकडे हाडांच्या डॉक्टरांचं चिन्ह माहीत आहे? खुंटाला दोरीनं बांधलेलं वाकडं झाड! निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1741 साली पुस्तकात छापलेलं चित्र. तासगावला आला असता तर तुमच्याशी त्याचं चांगलं जमलं असतं.

माझा बाक 22 डिग्रीवर कळला आणि 26 डिग्रीवर थांबला. वाढ संपताना 30 डिग्रीच्या आत असलेला बाक पुढं सहसा वाढत नाही. पट्टा लागला नाही, आणि त्या चोळणाऱ्यानं सहा महिने तेल जिरवून काही केलं नाही. पैसे गेले आणि अंगाला वास राहिला. चिनूच्या वेळी आई नऊ महिने देव पाण्यात घालून बसली होती. बाळंतपण कसं झालं ते तिनंच पाहिलंय.

आता एक काम. दादाची मनू दहाची झाली. घराण्यात आहे म्हणून म्हणते, तिला गुडघे न वाकवता, तळहात जोडून पुढं वाकायला सांग आई, आणि मागून पाठ बघ. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तरच मला कळव. तिला मात्र काही बोलू नका, खेळ म्हणून वाकायला लावा.

आणि आई, माझा निळा युनिफॉर्म ट्रंकेत आहे का अजून? घेर एका बाजूला दीड बोट खाली दिसायचा, म्हणून तू त्या बाजूला जास्त दुमडून शिवला होतास. आणि विचारलं की "कापडच तसलं" म्हणायचीस. परवा त्या मुलीच्या ड्रेसला खालून तशीच टीप दिसली. तिची आई कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. युनिफॉर्म सापडला तर दादाबरोबर पाठवून दे. मायलेकी पुढच्या महिन्यात परत येणार आहेत.

तुमची,
ताई