तळघरातली खोली

॥ श्री ॥

कोल्हापूर,
पाडव्याचा दुसरा दिवस

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागदावर लिहितोय. पिंकी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. खोलीचा विषय पत्रात काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

तू पाठवलेले फोटो पाहिले. जानेवारीत तुझी खिडकी बर्फात बुडालेली होती, दिवसाही दिवा लावून बसायचास. परवाच्या फोटोत रस्ता ओला, छपरावरून पागोळ्या गळतायत आणि तुम्ही पोरं साध्या शर्टवर उभी. उणे 25 वरून एकदम 11! आईला इतका आनंद झाला की तिनं तो फोटो काल गुढीपाशी ठेवला. मला मात्र फोटोत तुमच्यामागचा ढीग दिसला, गाड्या लावायच्या जागेच्या कडेचा, दोन पुरुष उंचीचा. एवढं पाणी अजून उभं आहे, असंच मनात आलं.

32 वर्षं मी पाटबंधारे खात्यात नदीच्या पातळीची पट्टी वाचली. आपला पूर सांगून येतो. आभाळ काळं होतं, चार दिवस सूर्य दिसत नाही, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले हे गल्लीतलं पोरही सांगतं. तुमच्या अमेरिकेतल्या फार्गोत पूर येतो तो निळ्या आभाळाखाली, माणसं उन्हात हसत उभी असताना. माझ्या जिवाला हे पटत नाही. खाली जमीन गोठलेली, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरत नाही, सगळं नदीकडे धावतं. आणि तुमची रेड नदी उत्तरेला, कॅनडाकडे वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी सुटतो, आणि ते पाणी पुढं जातं तेव्हा उत्तरेत नदी अजून थिजलेलीच असते. शिरोळला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं सरकता येत नाही, तसाच हा फुगवटा. त्यात सगळा मुलूख परातीसारखा सपाट, कुठल्याशा जुन्या सरोवराचा तळ. काठ सोडला की पाणी मैलोन् मैल पसरायचं.

तू म्हणशील, हे मीच तुम्हाला सांगितलं. हो, तूच. दिवाळीला आला होतास तेव्हा परात तिरकी धरून, पाणी ओतून आजीला समजावत होतास. मी सोप्यात पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत होतो. एवढी वर्षं पट्टी वाचली, पण नदी अशी कुणाला उलगडून सांगणं मला जमलं नाही. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

रात्री अजून शून्याखाली जातंय का? दिवसा वितळायचं आणि रात्री पुन्हा थिजायचं, असं चाललं तर पाणी दमादमानं निघून जातं. रात्रीही ऊब राहिली आणि त्यावर पाऊस पडला, तर अवघड. 18 फुटांना तुमची पूरपातळी, 30 ला मोठा पूर, आणि 2009 च्या मार्चमध्ये 40.84. डायरीत आपल्या राजाराम बंधाऱ्याच्या इशाऱ्याच्या 39 आणि धोक्याच्या 43 फुटांच्या शेजारी हे आकडे लिहून ठेवलेत. आणि तू जमिनीखाली झोपतोस.

लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. महिन्याला दीडशे डॉलर वाचतात, कळतं मला. कर्जाच्या हप्त्याचा विचार करून ती खोली घेतलीस, तेही कळतं. तो हप्ता माझ्याकडे आहे, तू त्यात पडू नकोस. घरमालक म्हणतो की 2009 लासुद्धा नदी इथवर आली नव्हती. खरं असेल. पण बाळा, पाणी दारातून येत नाही, मोरीतून येतं.

2019 चा ऑगस्ट आठव. तू मला तीनदा म्हणालास, "बाबा, आजीला घेऊन निघूया." मी म्हणालो, 2005 ला उंबऱ्याला पाणी लागलं नाही, अजून दोन फूट आहेत, मला नदी शिकवू नकोस. पहाटे साडेतीनला मोरीत गुडगुडलं. दार कोरडं, दारापुढची फरशी कोरडी, आणि न्हाणीतून काळं पाणी वर येत होतं. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली त्या वेळी. सतरा वर्षांचा तू, आजीला पाठुंगळी घेऊन छातीएवढ्या पाण्यातून बोटीपर्यंत गेलास. मी मागं, डोक्यावर कागदांची पिशवी धरून. आजी तुझ्या कानाशी रामरक्षा म्हणत होती, ते मला अजून ऐकू येतं. तुझ्या आजोबांचा फोटो राहिला तो राहिलाच.

माझं चुकलं, हे तुला कधी म्हणालो नाही. रविवारी तू म्हणालास, "बाबा, मोठ्या पुराला अजून 12 फूट आहेत," तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. म्हणून ओरडलो रे.

पासपोर्ट आणि कागद आजच वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे ठेव. तळघरातलं पाणी उपसणारा पंप वीज गेल्यावर चालतो का, ते मालकाला विचार, आणि चालतो म्हणाला तर चालवून दाखव म्हण. जमिनीवरचा वायरचा बोर्ड उचलून टेबलावर घे. पायाखाली ओल लागली तर बटणाला हात लावायचा नाही, सरळ वर जायचं. रात्री फोन छातीशी...

परत सुरू झालो. माफ कर. चोवीस वर्षांचा झालास, स्वतःचं सगळं बघतोस, आईला आठवणीनं औषधाचं विचारतोस. वाळूची पोती भरायला बोलावलं तर जाणार म्हणालास. 2009 ला तिथल्या विद्यार्थ्यांनी भरली होती तशी. जा. त्याला मी नाही म्हणणार नाही. पाठ सांभाळ, पोतं गुडघ्यात वाकून उचल.

इथं ऊन तापलंय. पंचगंगा इतकी उतरलीय की घाटावरची दगडी देवळं पायथ्यापर्यंत मोकळी आहेत. आजी विचारत होती, नरसोबाच्या वाडीला पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तसं दक्षिणद्वार तिकडं होतं का. मी सांगितलं, तिकडची नदी उत्तरेला जाते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पोराला वर झोपायला सांग.

शनिवारी आकडा कळव, आणि रात्रीचं तापमान.

तुझा,
बाबा

ता. क. वरची खोली मिळत असेल तर भाड्यातला फरक पिंकी तुझ्या खात्यात टाकेल. सहा महिन्यांचा. तिला परत पाठवू नकोस.