अण्णा, तुमच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांसाठी

अण्णा, सप्रेम नमस्कार.

मित्राच्या पायाचं दुसरं ऑपरेशन पार पडलं. परवा तो घरी आला. त्याच्यासाठी केलेल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतले पैसे ऑपरेशनच्या आधीच वहिनींच्या खात्यात पोचले होते. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून तुमच्या रद्दीच्या दुकानातल्या तराजूकडे वळाल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून चार लोकांच्या देखत लिहितोय.

ज्यांनी ऐन वेळी हात वर केले त्यांचं आधी बोलून घेतो. हॉल देतो म्हणून महिनाभर शब्द देणाऱ्या एका संस्थेने, विक्रीला चार दिवस उरले असताना, "त्या दिवशी आमचाच कार्यक्रम आहे" असा निरोप धाडला. साधा फोनही केला नाही. आणि मदत म्हणून आलेल्या पोत्यांत काय काय निघालं! अभ्यासक्रम बदलून गेलेली गाईडं, अर्ध्या लिहिलेल्या डायऱ्या, लग्नपत्रिका, पावसात भिजून वीट झालेली मासिकं. घर झाडून निघालेला कचरा एका आजारी माणसाच्या नावाने आमच्या दारात आणून टाकला. याचा राग अजून गेलेला नाही.

त्या ढिगापुढे तुम्ही येऊन मांडी घालून बसलात.

तुम्ही कागद किलोवर घेता. तुमच्या दुकानात पुस्तकाचं वजन होतं, नाव कोणी विचारत नाही, असाच आमचा समज होता. आम्ही सुतळीने करकचून बांधलेला पहिलाच गठ्ठा तुम्ही सोडलात आणि वरच्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलंत. सुतळीने मुखपृष्ठ कापत आणलं होतं. तुम्ही कात्री मागितलीत. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दोन-दोन इंचांच्या पट्ट्यांत कापलात, प्रत्येक पट्टी मधोमध दुमडलीत आणि सुतळी जिथे कडेवरून वळते तिथे एकेक बसवलीत. वर चार, खाली चार. मग बांधलंत. "दोरी कडेला लागली की वळ उठतंय. घेणारा आधी वळ बघतंय," एवढंच बोललात.

अण्णा, त्या अख्ख्या महिन्यात या पुस्तकांना कुणी घेणारा आहे असं धरून चालणारे तुम्ही पहिले. देणाऱ्यांना ती घराबाहेर काढायची होती. आम्हीही, खरं सांगायचं तर, ढीग कसा हलवायचा एवढाच विचार करत होतो. तुम्हाला मात्र ते पुस्तक हातात घेऊन उलटून बघणारा माणूस आधीच दिसत होता. एका गठ्ठ्याला आठ पट्ट्या, आणि गठ्ठे पन्नासच्या आसपास. तुम्ही एकही पट्टी चुकवली नाहीत.

गठ्ठ्याचं गणितही तुमच्याकडूनच कळलं. आम्ही चाळीस-चाळीस पुस्तकं बांधत होतो, तुम्ही पंचवीसवर आणलीत. सात-आठ किलो, म्हणजे जिन्यावर कुठे न टेकता एका माणसाला नेता येतील इतकी. मोठ्या आकाराची खाली. कणे, म्हणजे पानं बांधलेली कड, आलटून पालटून, काही डावीकडे, काही उजवीकडे. कण्याची बाजू जाड असते. सगळे कणे एकीकडे आले की गठ्ठा कलतो आणि रिक्षात सुटतो. आमचे तीन गठ्ठे असेच सुटले होते, आणि का ते आम्हाला कळत नव्हतं.

ओलसर पुस्तकं आम्ही गच्चीवर टाकायला निघालो होतो. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, दोन तासांत वाळतील असा हिशेब. तुम्ही अडवलंत. शिवलेलं पुस्तक एक वेळ टिकेल, पण नुसत्या चिकटवलेल्या बांधणीचा गोंद तापून सुटतो, पानं हातात येतात आणि मुखपृष्ठ वाकतं ते वाकतंच. मग ती खोलीत पंख्याखाली उभी केली, पानं थोडी फाकवून, दोन दिवस. कुबट वास राहिलाच तर ते पुस्तक बाद. कण्यापाशी मातीची रेघ दिसली तर वाळवी, ते पुस्तक लगेच पिशवीत बंद करून बाहेर; त्याच्या शेजारच्या दहांची पानं उलटून पाहायची. आत ठेवलेले कागद शोधायला आम्ही पुस्तक कण्याला धरून झटकत होतो. त्याने शिवण सैल होते. तुम्ही अंगठ्याने पानं सरसर सोडून दाखवलीत. फोटो, एसटीची तिकिटं, एक आंतरदेशीय पत्र, जे निघालं ते तुम्ही पाकिटात घातलंत आणि पाकिटावर देणाऱ्या घराचं नाव लिहायला लावलंत.

तेलुगू आणि कन्नड पुस्तकं आम्ही 'इतर' लिहिलेल्या खोक्यात ढकलली होती. सोलापुरात राहून ही चूक व्हायला नको होती. तुम्ही तेलुगूतली नावं वाचून ती वेगळी काढलीत आणि म्हणालात, घरात तेलुगू बोलणारे इथे पुष्कळ, पण मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना लिपी येत नाही. वाचणारे आता म्हातारे झालेत, त्यांना वाकायला लावू नका. म्हणून ते टेबल दाराशी लागलं, शेजारी दोन खुर्च्या. विक्रीच्या दिवशी त्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या नाहीत.

किमतीचं थोडक्यात लिहितो, कारण असं काही करू पाहणाऱ्याला ते लागेल. छापील किमतीचा तिसरा हिस्सा वगैरे नवीन पुस्तकांना चालतं; १२ रुपये छापलेल्या जुन्या कादंबरीला काय करणार? २०, ५० आणि १०० असे तीनच दर ठेवले. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा, स्टिकर नाही. काढताना मुखपृष्ठाचा रंग घेऊन निघतो. दिवाळी अंक सुटे जात नाहीत, पाचांचा जुडगा १०० ला गेला. स्पर्धा परीक्षेची चालू घडामोडींची जुनी पुस्तकं फुकटही कोणी नेत नाही, ती टेबलावर मांडूच नयेत, चांगल्या पुस्तकांची जागा खातात. लहान मुलांची सगळ्यात आधी संपतात, म्हणून निम्मी मागे ठेवून दुपारनंतर काढायची. सहा फुटी टेबलावर कणे वर करून तीन ओळी लावल्या की अडीचशे पुस्तकं बसतात.

हॉल गेला तरी एका वाड्याची ओसरी मिळाली. वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, मधल्या उन्हात कुत्रंही फिरकत नाही. उघडल्या उघडल्या दोघे घाऊक घेणारे आले आणि सगळ्या मालाला मिळून एक आकडा बोलले. आम्हाला तो मोठा वाटला. तुम्ही लांबूनच 'नको' म्हणून मान हलवलीत. निवडक शंभर पुस्तकांसाठी ते बाकीचं उचलतात, हे धंद्यातल्या माणसाने सांगितलं म्हणून आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत त्या आकड्याच्या दुपटीवर गेलो. शेवटचे दोन तास 'पिशवीभर १०० रुपये' केलं आणि टेबलं जवळजवळ मोकळी झाली.

उरलेलं तुम्हीच वजनावर घेतलंत. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा, म्हणून जाड पुठ्ठे आधी सोडवून बाजूला काढलेत. प्रत्येक वेळी काटा हलायचा थांबेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत. रात्रीचे दहा वाजून गेले होते. रोज तराजू धरणाऱ्या हाताला ही सवय असते, ती मुद्दाम करावी लागत नाही. मोठमोठ्या संस्थांच्या लेटरहेडवर आम्हाला जो भरवसा मिळाला नाही, तो त्या काट्यापाशी मिळाला. सोलापूरची माणसं बोलायला रांगडी, पण शब्दाला आणि मापाला पक्की, असं घरातले म्हातारे सांगत आले. ते खरं असल्याचं या वर्षी पाहिलं.

पट्ट्या आम्ही टाकल्या नाहीत. दोन पोती भरली आहेत. मित्र काठीवर चालायला लागला की त्या घेऊन त्याच्यासकट दुकानावर येतो. चौदा तेलुगू पुस्तकं उरली आहेत, तीही आणतो. त्यांची नावं आम्हाला वाचता येत नाहीत, तेवढी सांगा.

तुमचे,
ओसरीवरची सगळी मंडळी
सोलापूर