त्या मुलीचे छायाचित्र कोणाच्या परवानगीने छापले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, कंबोडियातल्या बालगृहात दोन आठवडे सेवा करून आलेल्या विद्यार्थ्यांवरचा लेख वाचला. त्या मुलांच्या हेतूबद्दल शंका नाही. संताप आहे तो छायाचित्राबद्दल. पाच-सहा वर्षांची मुलगी, चेहरा स्पष्ट, खाली नाव आणि गावही! आपल्याकडच्या बालगृहातल्या मुलीची ओळख अशी छापली असती, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकला असता. ती परदेशातली म्हणून चालते का? परवानगी कोणी दिली, तिच्या आईवडिलांनी की बालगृहाच्या चालकांनी?

आईवडील म्हणतो, कारण लेखात सगळ्या मुलांना सरसकट ‘अनाथ’ म्हटले आहे. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने कधीच पुढे आणले आहे. २००५ ते २०१० या काळात तिथल्या बालगृहांची संख्या १५३ वरून २६९ वर गेली. पर्यटक वाढले, देणग्या वाढल्या, तशी बालगृहेही वाढली. शिक्षण आणि दोन वेळचे जेवण मिळेल, असे सांगून खेड्यातल्या गरीब घरांतून मुले आणली जातात. पाहुण्यांना दया यावी म्हणून काही ठिकाणी त्यांना मुद्दाम हलाखीत ठेवले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालगृहांतल्या अशा स्वयंसेवेचे धोके मान्य केले. आपल्या लेखात याचा एक शब्दही नाही.

दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. मूल पुन्हा कोणावर विश्वास ठेवायला कचरते, किंवा दिसेल त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. शिकवण्याचेही तेच. मागच्याने कुठवर शिकवले याची नोंद नसते, म्हणून प्रत्येक जण पुन्हा ए-बी-सी-डीपासून सुरुवात करतो.

मुलांना पाठवायचेच असेल, तर पालकांनी पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. हे काम तिथल्या संस्थेने मागितले आहे का, आणि तिथल्याच माणसाला पगार देऊन ते का करून घेत नाहीत? भरलेल्या शुल्कातले किती त्या संस्थेला पोहोचते? पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात का? न मागणाऱ्यांकडे जाऊच नये, कारण तुमच्याकडून मागत नाहीत ते इतर कोणाकडूनही मागत नसणार. तक्रार आली तर कोणाकडे जायचे? पर्यटक व्हिसावर काम करायला सांगत असतील, तर तो विषय तिथेच संपवावा. मुलांशी थेट संबंध येणारे काम अल्पमुदतीच्या स्वयंसेवकाला देऊच नये. हिशेब, संकेतस्थळ, तिथल्या शिक्षकांसाठी पाठसाहित्य अशी कामे पुष्कळ असतात. तीही दोन-तीन महिने राहणाऱ्यालाच जमतात, कारण पहिले दोन आठवडे कामाची ओळख होण्यातच जातात.

आणखी एक. लेखाच्या शेवटी सहल नेणाऱ्या एजन्सीचा फोन क्रमांक आहे, पण ‘जाहिरात’ असा शब्द कुठेच नाही. पैसे घेतले असतील तर तसे छापा. घेतले नसतील तर तो क्रमांक तिथे कशासाठी?

ई-पेपरमधून आणि संकेतस्थळावरून ते छायाचित्र, नाव व गाव आजच काढावे, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, पुणे