गाज कुणाला ऐकू येते?

महोदय,

आमचं घर मिऱ्याच्या किनाऱ्यालगत. मुंबईचे पाहुणे पहिल्या रात्री गाजेने तळमळतात. आम्हाला ती जाणवतही नाही. पण पहाटे कोळणीची हाक आली की सगळे जागे! याचं एकच कारण नसेल, पण एक धागा मेंदूत सापडतो.

आवाज कानातून मध्यमेंदूत आणि तिथून वर बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणात जातो, एवढंच आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात बाह्यकाच्या मुख्यतः पाचव्या थरातून उलटे तंतू मध्यमेंदूत उतरतात. मेंदू-संशोधक नोबुओ सुगा यांनी वटवाघळांवर (आपले चिकू फस्त करणारी नव्हेत, कीटकभक्षी) दाखवलं, की बाह्यकातल्या ठरावीक कंप्रतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) पेशी चेतवल्या तर मध्यमेंदूत त्याच कंप्रतेचा प्रतिसाद वाढतो, शेजारच्यांचा घटतो. म्हणजे वरचा साहेब खालच्या कारकुनाला सांगतो, ही फाइल आधी घे. 2010 मध्ये फेरेट या प्राण्यांचा एक कान बुजवून पाहिलं. ही उतरती वाट तोडलेल्यांना आवाजाची दिशा नव्याने शिकता आली नाही.

आमच्या आबांनी नवं श्रवणयंत्र दोन दिवसांत कपाटात टाकलं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. आता रोज तासभर, पडवीत बसून लावतात.

— एक वाचक, रत्नागिरी