पॅच तयार असतो, सर्व्हर बंद करायची परवानगी नसते : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

डेटाबेस सर्व्हरवर सुरक्षा पॅच (त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) वेळेवर का लागत नाहीत, असे ते सांभाळणाऱ्यांना विचारले की पहिले उत्तर येते, "डाउनटाइम मिळत नाही," म्हणजे सर्व्हर बंद ठेवायला वेळ मिळत नाही. ही अडचण खरी आहे आणि ती दूर करणे आपल्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र.

सेवा करारात महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धता लिहिली की ३० दिवसांत जेमतेम ४३ मिनिटे सर्व्हर बंद राहू शकतो. त्यापुढे दंड. आधी कळवून, ठरवून घेतलेला बंद आणि अचानक कोसळलेला सर्व्हर यांत करार फरकच करत नसेल, तर पॅच लावणाऱ्याला दंड बसतो आणि पॅच टाळणाऱ्याचे बिल पूर्ण निघते. मग पुरवठादार पॅच लावायला कशाला पुढे येईल?

पॅच लांबणीवर टाकला की काय होते, हे २५ जानेवारी २००३ रोजी जगभर दिसले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमधली त्रुटी वापरून 'स्लॅमर' वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला. आकार अवघा ३७६ बाइट. १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्क जोडणीच्या दारावर) एक यूडीपी पॅकेट, म्हणजे डेटाचा एक छोटा तुकडा, आले की काम झाले. बळी पडण्याजोग्या यंत्रांपैकी सुमारे ९० टक्के यंत्रे दहा मिनिटांत त्याच्या कह्यात गेली. मायक्रोसॉफ्टने या त्रुटीचा पॅच जुलै २००२ मध्येच दिला होता. शिवाय अनेकांना आपल्या यंत्रावर हा डेटाबेस आहे याचीच कल्पना नव्हती, कारण त्याची छोटी आवृत्ती, एमएसडीई, इतर सॉफ्टवेअरच्या पोटात बसून येत असे. त्यामुळे कोणत्या यंत्रावर कोणता डेटाबेस, कोणती आवृत्ती आणि जबाबदार अधिकारी कोण, ही यादी आधी हवी. त्यात दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत आलेले डेटाबेसही आले पाहिजेत. नेमके तेच सुटतात.

"आमचे पासवर्ड भक्कम आहेत" हे उत्तरही पुरेसे नाही. २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या काही बिल्डमध्ये (तयार प्रतींमध्ये) पासवर्ड पडताळणाऱ्या तुलनेचा निकाल चुकीचा वाचला जात होता. परिणामी साफ चुकीचा पासवर्डही साधारण २५६ पैकी एका वेळी स्वीकारला जाई. रूटसारख्या सर्वाधिकार असलेल्या खात्याचे नाव ठाऊक असले की काहीशे वेळा प्रयत्न करणारी एक छोटी स्क्रिप्ट आत शिरायला पुरे होती. एप्रिल २०१३ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सापडलेल्या त्रुटीत तर लॉगिनचीही गरज नव्हती. जोडणी मागताना डेटाबेसचे नाव उणे चिन्हाने सुरू केले की सर्व्हर ते आज्ञेचा पर्याय समजे, आणि त्यातून डेटा फाइली खराब करता येत. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट बाहेरून बंद असलेले लोक पॅच लागेपर्यंत तरी बाहेरच्या हल्ल्यापासून सुरक्षित होते. म्हणून डेटाबेसचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे हा करारभंग मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अॅप्लिकेशन सर्व्हरशिवाय कोणालाही त्या पोर्टपर्यंत पोचायचे कारण नसते.

पॅच लावला असे कागदावर येते तेव्हाही तो प्रत्यक्षात लागलेला असतोच असे नाही. याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. पॅकेज अद्ययावत केले की डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू असलेली प्रक्रिया मेमरीतला जुनाच कोड चालवत राहते. लिनक्सवर त्या प्रक्रियेची फाइल तपासली तर पुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो. रीस्टार्ट होईपर्यंत त्रुटी होती तिथेच. पॅकेजची यादी वाचणारा स्कॅनर मात्र सर्व ठीक म्हणतो. उलटही घडते: काही लिनक्स वितरणे आवृत्तीचा क्रमांक न बदलता दुरुस्ती मागे आणून बसवतात आणि स्कॅनर विनाकारण लाल शेरा मारतो. ओरॅकलची तऱ्हा आणखी वेगळी. ओपॅच या साधनाने फाइली बदलल्या आणि पुढचे डेटापॅच हे साधन चालवायचे राहिले, की डेटाबेसच्या आतला एसक्यूएलचा भाग जुनाच राहतो. ओपॅचच्या यादीत पॅच दिसतो, पण डेटाबेसच्या आतल्या डीबीए_रजिस्ट्री_एसक्यूएलपॅच या व्ह्यूमध्ये (नोंदींच्या तक्त्यात) त्याची नोंद नसते. तेव्हा लेखापरीक्षकांनी 'पॅच लावला' अशा प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. चालू सर्व्हरनेच सांगितलेली आवृत्ती, प्रक्रिया सुरू झाल्याची वेळ आणि ओरॅकल असल्यास त्या व्ह्यूमधली नोंद, एवढे मागावे.

प्रत्यक्ष कामाला वेळ किती लागतो? पोस्टग्रेसचा एकाच मुख्य आवृत्तीतला छोटा अपडेट घेऊ. त्यात डेटा काढून पुन्हा भरावा लागत नाही. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिलेला. न उतरवलेल्या बॅकअपवर विसंबून कोणी पुढे जाऊ नये. मग स्टँडबायवर (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या राखीव सर्व्हरवर) पॅच, कारण नवी आवृत्ती जुनीचा लॉग (बदलांची नोंद) वाचू शकण्याची शक्यता उलट्यापेक्षा जास्त असते. स्टँडबाय मुख्य सर्व्हरच्या बरोबरीने आला, हे पाहून घ्यायचे. त्यानंतर तासन्तास चालणारे व्यवहार शोधून थांबवायचे, हाताने चेकपॉइंट द्यायचा (मेमरीतले बदल डिस्कवर लिहायला लावायचे) म्हणजे बंद होताना डिस्कवर लिहायचे थोडेच उरते, कनेक्शन पूलर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) 'पॉज' करायचा आणि भूमिका बदलायच्या, म्हणजे स्टँडबायला मुख्य करायचे. नीट तयारी असेल तर वापरणाऱ्याला काही सेकंदांचा थांबा जाणवतो. शेवटी जुन्या मुख्य सर्व्हरवर पॅच. रीस्टार्टनंतर कॅश (मेमरीत ठेवलेला नेहमीचा डेटा) रिकामी असल्याने पहिली काही मिनिटे क्वेऱ्या रेंगाळतात. तेवढ्यावरून घाबरून मागे फिरू नये. स्टँडबाय नसेल तर मात्र तेवढा वेळ सेवा बंद ठेवण्यावाचून इलाज नाही.

त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टीमही बदलण्याचा मोह टाळावा. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकूर क्रमाने लावण्याचा नियम बदलला, आणि ती असलेल्या सिस्टीमवर नेलेल्या पोस्टग्रेसमधले मजकुरावरचे इंडेक्स (शोधसूची) रीइंडेक्स केल्याखेरीज, म्हणजे नव्याने बांधल्याखेरीज, भरवशाचे राहिले नाहीत. टेबलात असलेली नोंद शोधताना सापडेनाशी होते, एररही येत नाही.

पॅचमुळे चालू काम बिघडेल ही भीती निराधार नाही. १४ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या पोस्टग्रेसच्या अपडेटमध्ये एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्याने काही एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडलेले पूरक प्रोग्राम) अडचणीत आली, आणि २१ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. म्हणून चाचणीसाठी प्रत्यक्ष डेटाशी मिळताजुळता, तीच एक्स्टेन्शन असलेला सर्व्हर हवा आणि त्याचा खर्च निविदेतच धरलेला हवा. अशा चाचणीला आठवडा रास्त आहे. सहा महिने नाहीत.

आवृत्तीची मुदत संपली की पॅच येणेच थांबते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची जुलै २०२४ मध्ये. तरी "आमचे अॅप्लिकेशन जुन्याच आवृत्तीवर चालते" असे सांगून वर्षे काढली जातात. अॅप्लिकेशन चालू आवृत्तीवर आणण्याची जबाबदारी त्याच पुरवठादाराची आणि मूळ रकमेतच, हे करारात असले पाहिजे.

आपल्याकडे मागणी एका परिपत्रकाची आहे. पुढील कलमे प्रत्येक नव्या करारात, आणि चालू करारांत दुरुस्ती म्हणून, घालावीत:

"महिन्यातून एकदा, किमान सात दिवस आधी कळवून घेतलेला दोन तासांपर्यंतचा देखभाल-बंद उपलब्धतेच्या हिशेबात धरला जाणार नाही. या वेळेचा वापर करून पॅच न लावल्यास दंड लागू होईल. लॉगिनशिवाय वापरता येणारी किंवा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेली त्रुटी ७२ तासांत बुजवावी. अशा वेळी सात दिवसांच्या पूर्वसूचनेची अट राहणार नाही. तेवढ्यात पॅच शक्य नसल्यास पोर्ट तोडून किंवा संबंधित सुविधा बंद करून तसे लेखी कळवावे. इतर सुरक्षा पॅचसाठी मुदत ३० दिवस. पूर्ततेचा पुरावा चालू सर्व्हरवरून घेतलेला असावा."

दोन तास, ७२ तास, ३० दिवस हे आकडे आमचे आहेत. आपल्या तज्ज्ञांनी ते बदलले तरी हरकत नाही, पण पहिली दोन वाक्ये एकमेकांपासून तोडू नयेत. नुसती सवलत दिली तर देखभालीची वेळ वाया जाईल, आणि नुसता दंड ठेवला तर आजचीच अडचण कायम राहील.

आपले,
डेटाबेस सर्व्हर सांभाळणारे अभियंते