‘मजबूत’ म्हणून विकलेल्या डान्स पॅडच्या सदोष बांधणीबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष डान्स पॅड परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्याकडून घेतलेल्या धातूच्या डान्स पॅडबद्दल, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या बाणांप्रमाणे पाय ठेवून नाचाचा व्हिडिओ गेम खेळायच्या चार बाणांच्या पॅडबद्दल, मी याआधी तक्रार नोंदवली होती. त्यावर ‘अतिवापरामुळे वॉरंटी लागू नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. ते मला मान्य नाही. पॅड उघडून आतली बांधणी पाहिल्यावर तर मुळीच नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

घडी घालून ठेवता येणारी फोमची चटई आमच्याकडे आधी होती. ती पायाखालून सरकायची, म्हणून मजबूत, कायम टिकणारा पॅड हवा होता. तुमच्या जाहिरातीत बूट घालून उंच उडी मारणारा खेळाडू दिसतो. मग बूट घालून खेळणं, उड्या मारणं हा ‘अतिवापर’ कसा होऊ शकतो? या खेळात दोन बाण एकदम आले की उडी मारावीच लागते, आणि उडीतून खाली येताना अंगाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार क्षणभर पॅनेलवर (बाणाच्या ज्या चौकोनावर पाय पडतो त्यावर) पडू शकतो. पॅड बनवणाऱ्याने हा भार धरूनच साहित्य निवडायला हवं.

वरच्या बाणाचं पॅनेल स्क्रूच्या भोकापासून तडकलं आहे. वर्णनात ‘न फुटणारं’ लिहिलं असलं तरी ते ॲक्रिलिक आहे. ॲक्रिलिक चकचकीत आणि कडक असतं, पण ठिसूळ. भोक कडेच्या इतकं जवळ पाडलं की ताण तिथेच साठतो आणि चीर जाते. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात हे खरं, पण ते वाकून पुन्हा सरळ होतं, त्याचे धारदार तुकडे उडत नाहीत. आमच्या घरात मुलं अनवाणी खेळतात. त्यांच्या पायाखाली तुटलेली कड यावी, ही माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब आहे.

पॅनेलखाली मधोमध पाऊल ओळखणारी एकच संपर्कपट्टी आहे आणि कोपऱ्यांत फोमचे तुकडे. चांगला खेळणारा प्रत्येक वेळी पॅनेलच्या मध्यावर पाय ठेवत नाही, वेग वाढला की तो आतल्या कडांवरच खेळतो. तुमच्या पॅडवर कडेला पाय दिला की पॅनेल एका बाजूला कलतं आणि पावलाची नोंदच होत नाही. १९९८ साली आलेल्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ या याच प्रकारच्या खेळाच्या आर्केड (गेम पार्लरमधल्या) मशीनमध्ये प्रत्येक पॅनेलला चारही बाजूंनी सेन्सर असतात, ते याचसाठी. त्या खेळात सर्वोत्तम निकालासाठी पाऊल सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाइतक्या फरकात पडावं लागतं. तिथे उशिरा होणारी नोंदसुद्धा चालत नाही. शिवाय तुमचा फोम आता दबून पातळ झाला आहे, त्यामुळे डावा बाण पाय उचलल्यावरही दाबलेलाच राहतो. दाबाप्रमाणे विजेचा रोध बदलणारे सेन्सर लावून घरी पॅड बनवणारे लोक प्रत्येक पॅनेलची संवेदनशीलता सॉफ्टवेअरमधून ठरवतात. तुमच्या पॅडमध्ये जुळवून घेण्याची कोणतीच सोय नाही.

आता ज्या दोषाला वापराशी जोडताच येणार नाही, त्याबद्दल. डावा आणि उजवा बाण एकत्र दाबले की एकही नोंद होत नाही. वर आणि खाली यांचंही तेच. कारण तुमच्या सर्किटने बाणांना स्वतंत्र बटणं न मानता जॉयस्टिकचा अक्ष मानलं आहे, म्हणजे एकच दांडा डावीकडे किंवा उजवीकडे कलावा तसं. दोन विरुद्ध दिशा एकदम आल्या की त्या एकमेकींना रद्द करतात आणि अक्ष मध्यावर राहतो. पॅड संगणकाला जोडा, गेम कंट्रोलर तपासण्याची खिडकी उघडा आणि दोन्ही बाण हाताने दाबा: तुमच्या कार्यालयातही हे मिनिटभरात दिसेल. आम्ही ‘स्टेपमॅनिया’ या मोफत सॉफ्टवेअरवर खेळतो. त्यात बटणांची जुळणी बदलता येते, पण पॅडकडून जो संकेतच येत नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? डावी-उजवी उडी या खेळात अगदी सुरुवातीच्या पातळीपासून येते. पॅड बाजारात आणण्याआधी त्यावर एक गाणं जरी कोणी पूर्ण खेळून पाहिलं असतं, तरी हे लक्षात आलं असतं.

तळाला जाड प्लायवूडऐवजी भुशाचा पातळ बोर्ड आहे. त्यात थेट पिळलेले स्क्रू आता भोकात फिरतात, घट्ट बसत नाहीत.

माझी मागणी अशी: पॅड तुमच्या खर्चाने परत न्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. बदली पॅड देणार असाल, तर त्यात चारही बाण स्वतंत्र बटणं म्हणून चालतात आणि पॅनेल पॉलिकार्बोनेटची आहेत, हे आधी लेखी कळवावं. नुसतं तडकलेलं पॅनेल बदलून दिलेलं मी स्वीकारणार नाही. तसंच ‘न फुटणारं’ हा दावा वर्णनातून त्वरित काढावा, कारण त्यावर विसंबून दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या पायाला इजा होऊ शकते.

ऑर्डरची पावती, तडकलेल्या पॅनेलचे व आतल्या बांधणीचे फोटो आणि दोन बाण एकत्र दाबल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. ते न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक